अरुंद बर्फावरची देवघेव

आइस हॉकीच्या नोंदवहीत एक अशी तरतूद आहे, की जिच्याकडे परक्या प्रेक्षकाचे लक्ष सहसा जात नाही, परंतु त्या खेळाचा स्वभाव ओळखण्यास तिच्याइतके उपयुक्त साधन दुसरे क्वचितच सापडेल. गोल झाला की गुणलेखक गोल करणाऱ्याचे नाव तर लिहितोच. पण त्याच्याकडे चकती ज्याने सोपवली त्याचे, आणि त्यालाही ती ज्याने दिली त्याचे, अशी आणखी दोन नावे तो त्याच ओळीत दाखल करतो. आणि हंगामाअखेर जेव्हा हिशेब रुजू होतो, तेव्हा गोलाचा एक गुण आणि साहाय्याचा एक गुण यांत लवमात्र भेद केला जात नाही. कॅनडाच्या वेन ग्रेट्झ्कीने नॅशनल हॉकी लीगमध्ये ८९४ गोल केले, पण त्याच्या नावावर साहाय्ये आहेत १,९६३. म्हणजे त्याने आयुष्यात एकही गोल केला नसता, तरी केवळ दुसऱ्यांना करून दिलेल्या गोलांच्या बळावर तो त्या लीगच्या इतिहासात सर्वाधिक गुणांचा धनी ठरला असता. देणाऱ्याचा हक्क इतक्या निःसंदिग्धपणे मान्य करणारे सांघिक खेळ जगात फार नाहीत. आणि तरीही, ज्या खेळाने हा हक्क आपल्या कायद्यात कोरून ठेवला, त्याच खेळातील लहान मुलांना कित्येक दशके एकमेकांना काही देण्याची संधीच मिळत नव्हती. ती संधी कशी हिरावली गेली होती आणि आता बर्फाची हद्द आखडून ती त्यांना परत कशी दिली जात आहे, हा या लेखाचा विषय आहे.

उत्तर अमेरिकेतील रिंक म्हणजे २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असे बर्फाचे पटांगण, त्याभोवती फळ्यांचा कोट, आणि आत व्हल्कनाइज केलेल्या रबराची, ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची, साडेपाच ते सहा औंस वजनाची पक नावाची चकती. ही परिमाणे ताशी वीस मैलांहून अधिक वेग सहज गाठणाऱ्या प्रौढ खेळाडूंसाठी ठरलेली आहेत. त्या विस्तारावर सात-आठ वर्षांची मुले सोडली, की जे घडते ते कोणत्याही गावी आणि कोणत्याही हंगामात सारखेच असते: ज्या एका मुलाला इतरांपेक्षा बरे घसरता येते तो चकती घेऊन एका टोकाकडे निघतो, बाकीची नऊ मुले त्याच्या मागे धापा टाकीत जातात, आणि ती पोहोचेपर्यंत चकती कोणाच्या तरी पायाला लागून उलट दिशेस निघालेली असते. जी मुले जात्याच मंद, किंवा ज्यांनी स्केट्स त्याच वर्षी प्रथम पायांत घातले, त्यांची पाळी संपते तरी चकतीला त्यांच्या स्टिकचा स्पर्श झालेला नसतो. दूरच्या टोकाचा गोलरक्षक तर थंडीत केवळ उभा असतो. अशा खेळात पास देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ज्याला द्यावयाचे तो चाळीस फूट मागे असतो, आणि एवढ्या अंतरावर ती जड चकती सरळ पोहोचवण्याइतके बळ त्या वयाच्या मनगटांत नसते.

सामन्यात जे साधत नाही ते सरावात शिकवावे, असे मागील पिढीतील प्रशिक्षकांना वाटे, आणि त्या हेतूने जो दस्तूर पडला तो मला अधिक शोचनीय वाटतो. मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करावयाच्या. पहिल्याने समोरच्या पहिल्यास चकती द्यावी, त्याने ती परत करावी, दोघांनी आपापल्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहावे. चकती कोणाला द्यावयाची हे ठरलेले, केव्हा द्यावयाची हे शिट्टीने ठरवलेले, मार्गात आडवा येणारा कोणी नाही, आणि घेणाऱ्याला आपण होऊन कोठेही जाण्याची गरज नाही. अशा रांगेत शंभर पास अचूक देणारा मुलगा शनिवारच्या सामन्यात एकही देऊ शकत नाही, आणि प्रशिक्षक त्याच्या एकाग्रतेस दोष देतात. परंतु दोष त्याचा नसतो. पास म्हणजे मनगटाची हालचाल एवढाच अर्थ त्या रांगेने त्याला शिकवलेला असतो. पाहणे, निवडणे, थांबणे, हुलकावणे आणि योग्य क्षणी सोडून देणे हा जो पासाचा पाच षष्ठांश भाग, तो रांगेत कोणी मागितलेलाच नसतो. निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानवी हालचालींचा जो सूक्ष्म अभ्यास केला, त्याचा निष्कर्ष असा होता की सरावात पुनरावृत्ती व्हावी ती तयार उत्तराची नव्हे, तर उत्तर शोधून काढण्याच्या क्रियेची. कारण कुशल माणसाची हालचाल दोनदा कधीच तंतोतंत सारखी नसते. रांगेतील सराव नेमके याच्या उलट करतो.

या दस्तुरास पहिला मोठा धक्का दिला तो २००९ साली, जेव्हा अमेरिकेतील यूएसए हॉकी या संघटनेने मुलांच्या प्रशिक्षणाची नवी व्यवस्था आखून तिला ‘अमेरिकन डेव्हलपमेंट मॉडेल’ असे नाव दिले. तिच्यातील अनेक कलमांपैकी सर्वांत ठळक कलम असे, की आठ वर्षांखालील मुलांनी संपूर्ण रिंकवर खेळू नये; रिंकचे आडवे भाग पाडून त्यांच्या रुंदीतच त्यांचे सामने व्हावेत, आणि चकतीही नेहमीची काळी नव्हे तर ४ औंसांची निळी असावी. कॅनडात, जेथे पूर्ण बर्फावर खेळणे हा बालपणीचा जन्मसिद्ध अधिकार समजला जातो, तेथे हॉकी कॅनडाने पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी असाच हुकूम २०१७च्या हंगामापासून देशभर लागू केला. हद्द आखडल्याने काय साधते याची मोजदादही झाली. संघटनांनी प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार आडव्या बर्फावर मुलाच्या वाट्याला येणारे गोलावरचे फटके पूर्ण रिंकच्या सहापट होतात, पास देण्याचे प्रयत्न दुप्पट होतात, आणि हाती येणारे पास पाचपट होतात. या आकड्यांतील शेवटचे दोन मला एकत्र वाचावेसे वाटतात. प्रयत्न दुपटीने वाढले असता प्राप्ती पाचपटीने वाढते, याचा अर्थ मुलांच्या मनगटांत एकाएकी बळ आले असा नव्हे, तर घेणारा आता जवळ आहे, दिसतो आहे, आणि चकती पोहोचेपर्यंत तो तेथेच असणार आहे. पूर्ण रिंकवर मुलांची वृत्ती स्वार्थी होते असे जे म्हटले जाई, ते मुलांवर अन्याय करणारे होते. त्यांच्या समोर दुसरा कोणी नव्हताच.

गेल्या हिवाळ्यात मिनेसोटामध्ये, मिनियापोलिसच्या एका उपनगरातील रिंकवर, दहा वर्षांखालील मुलांचे असे सराव मी पाहिले. हा प्रांत तळ्यांचा आहे आणि हिवाळ्यात ती तळी गोठतात; १९८० साली लेक प्लॅसिड येथे सोव्हिएत संघाला नमवणाऱ्या अमेरिकी ऑलिंपिक संघातील विसांपैकी बारा खेळाडू याच प्रांतातील होते, यावरून तेथील लोकजीवनात या खेळाचे स्थान काय असेल ते समजावे. बंदिस्त रिंकवरील बर्फ तासाच्या भाड्याने मिळतो आणि ते भाडे काही शे डॉलरांच्या घरात असते, सबब मुलांच्या वाट्यास सकाळच्या अंधारातल्या वेळा येतात. एका वेळी चार संघांतील चाळीसेक मुले बर्फावर उतरतात, आणि ते बर्फ ज्यायोगे वाटून दिले जाते ते साधन पाहून मला फार संतोष वाटला: अग्निशामक दलाने बाद केलेल्या जाड कापडी नळ्या भरून, त्यांचीच सरहद्द बर्फावर आडवी टाकलेली होती. चकती तिला अडते, मूल तिच्यावर पडले तर इजा होत नाही, आणि दोन माणसांनी धरून ओढली की हद्द पाहिजे तशी बदलते.

त्या हद्दींच्या आत जे खेळ चालतात त्यांपैकी सर्वांत साधा असा: रिंकवर आरंभीची चकमक जेथे होते, तेथे १५ फूट त्रिज्येची वर्तुळे रंगवलेली असतात, त्यांतील एका वर्तुळाच्या कडेवर तिघे किंवा चौघे आणि आत एक किंवा दोघे. बाहेरच्यांनी चकती एकमेकांत खेळती ठेवावयाची, आतल्यांनी ती हिरावून घ्यावयाची. ज्याची चूक होईल तो आत. फुटबॉलमध्ये योहान क्रॉइफ १९८८ साली बार्सिलोनाचा प्रशिक्षक होऊन आल्यावर ज्या ‘रोंडो’ला तेथील नित्यपाठाचे स्थान मिळाले, त्याचेच हे बर्फावरील रूप. वरवर पाहता यात पळण्यास जागा नाही आणि गोल करण्यास जाळे नाही. पण चकती हातात असलेल्या मुलाला अर्ध्या श्वासात ठरवावे लागते की आतल्या रक्षकाची स्टिक कोठे आहे, तिच्या कोणत्या बाजूस वाट मोकळी आहे, आणि ती वाट पुढच्या क्षणापर्यंत तशीच राहील काय. मी पाहिलेल्या गटात नऊ वर्षांची एक मुलगी पास उत्तम देई, परंतु दिल्यानंतर आपले काम संपले अशा समाधानाने उभी राही. प्रशिक्षकाने तिला काही सांगितले नाही. त्याने सर्वांसाठी एकच नियम वाढवला, की पास दिल्यावर देणाऱ्याने कडेवरील आपली जागा बदललीच पाहिजे. पाचच मिनिटांत ती मुलगी पास देण्याआधीच आपण पुढे कोठे जाणार ते पाहू लागली. उपदेश जे दहा वेळा सांगून पटवू शकला नसता, ते नियमाने एकदाच करून घेतले.

दुसरा खेळ दरवाजांचा. बर्फाच्या एका तृतीयांशात शंकूंच्या पाच-सहा जोड्या इतस्ततः मांडतात. प्रत्येक जोडी म्हणजे एक दरवाजा, आणि आपल्या संघातील गड्याला चकती त्या दरवाजातून पोहोचली तर गुण. जाळे एकच असले की सर्वांची दृष्टी एका दिशेस खिळते आणि रक्षणही त्याच दिशेस दाटते. दरवाजे मात्र रक्षकांच्या संख्येपेक्षा अधिक ठेवलेले असतात, म्हणून कोठला तरी एक नेहमी उघडा असतोच, आणि तो शोधण्यासाठी मान वर करण्यावाचून गत्यंतर नसते. ‘हेड्स अप’ ही प्रशिक्षकांची आरोळी उत्तर अमेरिकेतील प्रत्येक रिंकवर कानी पडते, पण मान वर करून पाहण्यासारखे काही समोर नसेल, तर मुलाने ती का वर करावी? दरवाजांच्या खेळात पाहण्यास कारण मिळते. शिवाय येथे चकती नसलेल्या गड्याचे महत्त्व एकदम वाढते, कारण दरवाजाच्या पलीकडे त्याने वेळेवर येऊन, स्टिकचे पाते बर्फावर टेकवून, घेण्यास सिद्ध झाले नाही तर देणाऱ्याची सर्व चतुराई व्यर्थ जाते. पास हा देणाऱ्याच्या मालकीचा असतो असे आपण सर्व गृहीत धरतो. या खेळात तासभर उभे राहून पाहिल्यावर मला खात्री पटली, की तो निम्म्याहून अधिक घेणाऱ्याचा असतो. बर्फावर टेकलेले पाते हे देणाऱ्यास दाखवलेले लक्ष्य, आणि ते जेथे टेकले असेल तेथेच चकती येते. म्हणून तेथील अनुभवी प्रशिक्षक पास चुकला की प्रथम घेणाऱ्याकडे पाहतात.

तिसरा खेळ मला सर्वांत गुणाढ्य वाटला, म्हणून त्याचे वर्णन थोडे विस्ताराने करतो. एका कोपऱ्यात जाळे व गोलरक्षक ठेवून आत दोघांविरुद्ध दोघे किंवा तिघांविरुद्ध तिघे खेळतात, आणि प्रत्येक संघाचे आणखी दोघे हद्दीबाहेर, फळ्यांच्या कडेने, उभे असतात. चकती जिंकणाऱ्या संघाने लगेच गोलाकडे धावावयाचे नाही. प्रथम ती आपल्या बाहेरच्या गड्याकडे पाठवावयाची, त्याने ती दोन मोजेपर्यंत परत आत द्यावयाची, आणि मगच फटक्यास मुभा. या एका अटीतून काय काय निष्पन्न होते ते पाहावे. ज्या क्षणी रक्षकाने चकती हिसकावली, त्या क्षणी तो आक्रमक झाला. परंतु त्याची दृष्टी गोलाकडे न जाता प्रथम मित्राकडे जाते. ज्याने चकती गमावली, त्याला हळहळण्यास अवसर नाही, कारण बाहेर जाणारा पास अडवला तरच त्याचे नुकसान भरून निघते. आणि बाहेरचा गडी, जो प्रत्यक्ष खेळात नाही, तो दोन मोजायच्या मुदतीत चकती परत द्यावयाची असल्याने ती येण्यापूर्वीच आत कोण मोकळा आहे हे हेरून ठेवतो. रक्षणातून आक्रमणात आणि आक्रमणातून रक्षणात होणारे संक्रमण हा आइस हॉकीचा प्राण आहे. पूर्ण रिंकच्या सामन्यात एका मुलाच्या वाट्यास तो क्षण एका पाळीत एखाद-दुसऱ्या वेळीच येतो, तो येथे त्याला पुनःपुन्हा जगावा लागतो.

याशिवाय जाळ्याचे तोंड फिरवून ते फळ्यांकडे ठेवण्याचा एक प्रकार मी पाहिला. सरळ फटका अशक्य झाल्याने मुले जाळ्यामागे जाऊन तेथून साथीदार शोधू लागतात, आणि ग्रेट्झ्कीने ज्या जागेवरून इतके गोल करून दिले की तिला त्याचे ‘ऑफिस’ म्हणण्याची वहिवाट पडली, त्या जाळ्यामागील जागेची ओळख त्यांना आपोआप होते. हे सर्व खेळ तीस ते पंचेचाळीस सेकंदांच्या पाळ्यांत चालतात. भोंगा वाजला की आतले बाहेर, बाहेरचे आत, आणि चकती हद्दीबाहेर गेली तर प्रशिक्षक तत्काळ दुसरी फेकतो, खेळ थांबवीत नाही. मला विशेष जाणवले ते प्रशिक्षकांचे मौन. पूर्वी फळ्यांच्या आड उभा राहून तासभर ओरडणारा माणूस आता पूर्वतयारीत श्रमतो, आणि बर्फावर मुख्यत्वे पाहतो. कोठला नियम काढावा, कोठला घालावा, हद्द दोन हात आत घ्यावी की बाहेर, एवढाच त्याचा कारभार.

प्रेक्षकांच्या बाकांवर एका मराठी गृहस्थांची भेट झाली. पुण्याहून संगणकक्षेत्रातील नोकरीनिमित्त ते तेथे गेलेले. मुलगा आठवे संपून नववे लागलेला. स्वतः क्रिकेटवर वाढलेले असल्याने बर्फावरील खेळाची सारी परिभाषा त्यांना मुलाकडूनच शिकावी लागली होती. पहिल्या वर्षी त्यांचाही अनेक पालकांसारखाच ग्रह झाला होता, की पूर्ण रिंकचे पैसे घेऊन मुलांना चतकोर बर्फ दिला जात आहे. तो ग्रह कशाने फिटला असे विचारता ते म्हणाले, की मुलगा घरी येऊन आपण काय केले हे सांगण्याऐवजी कोणाबरोबर काय केले हे सांगू लागला तेव्हा.

परंतु हा ग्रह सर्वांचाच फिटत नाही, आणि पालकांची हरकत केवळ अज्ञानातून येते असे मानणे योग्य होणार नाही. मूल मोठ्या बर्फावर वेगाने घसरत जाते तेव्हा त्याच्या मुद्रेवर जो आनंद असतो, तो खरा असतो. लांब पल्ल्याचे धावणे, निळ्या रेषांशी निगडित ऑफसाइडचा नियम, आपल्या टोकातून चकती बाहेर काढण्याची रचना, या गोष्टी चतकोर बर्फावर शिकता येत नाहीत, हेही तितकेच खरे. म्हणून वय वाढेल तसे पूर्ण रिंककडे जाणे सर्व सुजाण योजनांत अभिप्रेत असतेच. मला अधिक गंभीर वाटते ती वेगळीच हरकत, आणि ती या पद्धतीच्या अतिउत्साही समर्थकांविरुद्ध आहे. सहा-सात वर्षांच्या मुलांवर पास देण्याची सक्ती करणे हे त्यांच्या वयाशी वैर करणे होय. त्या वयात चकती ही आपली वस्तू असते. ती आपल्या स्टिकच्या पात्यावर वश करून घेण्यातच त्या मुलाचे सर्व चित्त गुंतलेले असते आणि ते तसेच असावे, कारण ज्याला ती पाहिल्यावाचून हाताळता येत नाही, तो मान वर करून साथीदार पाहणार कसा? अमेरिकी योजनेतही आठ वर्षांखालील मुलांसाठी घसरणे आणि चकती हाताळणे यांवरच भर आहे. पासाचे खेळ नऊ-दहा वर्षांपासून पुढे फळतात. तसेच, ‘तीन पास झाल्याखेरीज गोल नाही’ असा नियम काही ठिकाणी सरसकट लावला जातो, तो मला घातक वाटतो. त्याने मुले पास मोजू लागतात. गोलासमोर मोकळा उभा असलेला मुलगा फटका न मारता चकती मागे वळवतो, आणि पास हा साधनाऐवजी कर भरण्यासारखा होतो. नियम असा हवा की पास देणे लाभाचे ठरावे, न देणे गुन्हा ठरू नये. दरवाजांचा खेळ या कसोटीस उतरतो. पासांची मोजणी उतरत नाही.

पासाविषयीचा हा झगडा या खेळाला नवा नाही. ३ मार्च १८७५ रोजी माँट्रिअलच्या व्हिक्टोरिया रिंकमध्ये छताखालचा पहिला नोंदलेला सामना झाला, त्या काळच्या नियमांप्रमाणे चकती पुढे देण्यास मज्जाव होता. रग्बीप्रमाणे ती बाजूस किंवा मागेच देता येई. पुढचा मार्ग ज्याने त्याने एकट्याने कापावा, अशी ती कल्पना होती. १९१३-१४च्या हंगामात पॅट्रिक बंधूंच्या पश्चिम किनाऱ्यावरील लीगने रिंकच्या मधल्या पट्ट्यात पुढे पास देण्यास मुभा दिली, पाच वर्षांनी नॅशनल हॉकी लीगने तिचे अनुकरण केले, परंतु सर्व पट्ट्यांत ती मुभा मिळण्यास १९२९ साल उजाडावे लागले. त्याच्या आदल्या हंगामात माँट्रिअल कॅनेडियन्सचा गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ याने ४४ सामन्यांपैकी २२ सामन्यांत प्रतिपक्षास एकही गोल करू दिला नव्हता, आणि लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या एस बेलीचे गुण अवघे ३२ होते. पुढच्याच हंगामात, तितक्याच सामन्यांत, बॉस्टनच्या कूनी वायलंडने ४३ गोल आणि ७३ गुण मिळवले. एका वर्षात माणसे दुपटीने कुशल झाली नव्हती. त्यांना एकमेकांना पुढे देण्याची इजाजत मिळाली होती.

या इजाजतीचा पूर्ण अर्थ ज्याने उलगडला, तो मनुष्य मात्र कॅनडाचा नव्हता. सोव्हिएत रशियात चेंडूने खेळल्या जाणाऱ्या बँडीची परंपरा जुनी होती. चकतीच्या हॉकीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा तेथे १९४६ साली झाली. अनातोली तारासोव या प्रशिक्षकाजवळ त्या प्रारंभीच्या वर्षांत साधने अशी नव्हतीच. यंत्राने गोठवलेल्या बर्फाची एवढी टंचाई होती, की त्याचे खेळाडू वर्षातील मोठा काळ जमिनीवरच सराव करीत. कॅनडाच्या लॉइड पर्सिव्हलने १९५१ साली लिहिलेले ‘हॉकी हँडबुक’ त्याच्या स्वदेशातील व्यावसायिकांनी अव्हेरले, आणि ते तारासोवने बारकाईने अभ्यासले. कॅनेडियन खेळाची नक्कल करून आपण कायम दुसरेच राहू, हे ओळखून त्याने बँडी आणि फुटबॉल यांतील देवघेवीवर आपल्या संघाची घडण केली: चकती नसलेल्या चौघांनी सतत जागा बदलत राहावे, म्हणजे चकती असलेल्यास नेहमी पर्याय राहतील. आर्काडी चेर्निशेवच्या जोडीने त्याने राष्ट्रीय संघास १९६३पासून १९७१पर्यंत सलग नऊ विश्वविजेतेपदे मिळवून दिली. मुलांसाठी त्याने १९६४ साली ‘सोनेरी चकती’ ही देशव्यापी स्पर्धा सुरू केली, जी वाड्यांच्या अंगणांत आणि शाळांच्या पटांगणांवर गोठवलेल्या बर्फावर वाढली. २ सप्टेंबर १९७२ रोजी माँट्रिअलमध्ये, तारासोव पदावरून दूर झालेला असताना, त्याच्या हाताखाली वाढलेल्या पिढीने कॅनडाच्या व्यावसायिक तारांगणास ७-३ असे हरवले. त्या सामन्याने सुरू झालेली मालिका अखेर कॅनडाने जिंकली; पण मुलांना शिकवण्याच्या आपल्या रीतीकडे पुन्हा पाहण्याची गरज त्या रात्रीने त्या देशास पटवली. १९७४ साली टोरांटोच्या ‘हॉकी हॉल ऑफ फेम’मध्ये तारासोवची गणना झाली.

अभावाने शिकवलेली ही विद्या आता श्रीमंत रिंकांत विचारपूर्वक आणली जात आहे, आणि आपल्या देशात जेथे अभाव अद्याप जसाच्या तसा आहे, तेथे ती सर्वांत अधिक शोभेल असे मला मनापासून वाटते. लडाखमधील लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. डिसेंबरच्या अखेरीपासून दीड-दोन महिने कारझू आणि गुपुक येथील तळी गोठतात, आणि १९७०च्या दशकापासून, प्रथम लष्करातील जवान व नंतर नागरिक, तेथे आइस हॉकी खेळत आले आहेत. भारत १९८९ साली आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सभासद झाला. मुख्यत्वे लडाखी मुलींनी बनलेला भारताचा महिला संघ २०१६ साली तैपेईत आशियाई चषकासाठी प्रथम उतरला, पुढच्या वर्षी बँकॉकमध्ये फिलिपाइन्सला ४-३ हरवून त्याने पहिला विजय मिळवला, आणि २०२५ साली अल ऐन येथे कांस्यपदक घेतले. कॅनडासाठी चार ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारी हेली विकेनहायझर २०१८च्या हिवाळ्यात लडाखला येऊन तेथील मुलींबरोबर बर्फावर उतरली होती.

परंतु तळी मोजकी, मुदत दोन महिन्यांची, आणि खेळू इच्छिणारी मुले अनेक गावांची. अशा ठिकाणी पूर्ण आकाराचा सामना लावला, तर एका वेळी बारा मुले खेळतात आणि शंभर मुले काठावर थंडीत उभी राहतात. तेच बर्फ आडवे वाटले, तर सहा ठिकाणी चाळीस-पन्नास मुले एकाच वेळी खेळू शकतात. फळ्यांचा कोट नसला तरी बिघडत नाही; तळ्यावर सरहद्द आखण्यास रचलेला बर्फ पुरतो, आणि फळ्यांच्या आधाराशिवाय खेळणाऱ्याला पास अधिक नेमका द्यावा लागतो, हा एक लाभच. सर्वांत महत्त्वाची गोष्ट साहित्याची. आइस हॉकीत सर्वांत महाग जिन्नस म्हणजे गोलरक्षकाचा पेहराव, आणि तो नसेल तर पूर्ण सामना खेळवता येत नाही. वर्तुळातील खेळास आणि दरवाजांच्या खेळास मात्र गोलरक्षकच लागत नाही. स्केट्स, शिरस्त्राण, स्टिक, एक चकती आणि दरवाजे दाखवण्यास दगडांच्या काही जोड्या एवढ्यावर ते उभे राहतात. चांगथांगमधील आणि कारगिलकडील ज्या गावांत अजून एकही गोलरक्षक उभा राहिलेला नाही, तेथेही मुलांना पास द्यायला आणि घ्यायला याच हिवाळ्यापासून शिकवता येईल. त्यासाठी कोणत्याही दफ्तरात अर्ज करून वाट पाहण्याची आवश्यकता नाही.